विसरवाडीच्या खाटेवर झोपून मी केलेलं इन्स्पेक्शन

आधीच सांगून टाकतो. भूतबाधा, चकवा, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता आणि आज नव्वदी ओलांडली तरी नाही. आमच्या गल्लीत कुणाला काही 'लागलं' की लोक भगताकडे पळायचे आणि मी कंपाउंडरकडे. तुमच्या सदरातले अनुभव मी नियमाने वाचतो, पण खरं सांगू का... बहुतेक वेळा हसतोच. रागावू नका.

तरीही हे लिहितोय, कारण एक गोष्ट माझ्याही पदरात आहे. ती मी फक्त बायकोला सांगितली होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्यापेक्षा तो दुसरा बरा होता. आधी भेटला असता तर त्याच्याशीच लग्न केलं असतं." पुढे संसारात मी काही चुकलो की ती हमखास विचारायची - "तो कुठेय? त्याला पाठवा." चार वर्षांपूर्वी ती गेली. आता ही गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो, आणि तिच्यात एका बाईवर माझ्यामुळे अन्याय झालेला आहे. तो तसाच ठेवून जायचं नाही, म्हणून हा खटाटोप.

साल अठ्ठावन्न. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, नंदुरबार जिल्हा तर फारच पुढची गोष्ट. आम्ही सगळे धुळ्याच्या हाताखाली. मी पंचविशीतला निरीक्षक होतो. आश्रम, वसतिगृहं, निराधारांची घरं तपासायची आणि रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. खात्याचं नाव लिहीत नाही. जे केलं ते मी केलं, खात्याने नव्हे.

विसरवाडीपासून तीन मैल आत, नदीपलीकडे, वृद्धांचं एक शुश्रूषागृह होतं. तापीकाठच्या एका गुजर पाटलांनी आईच्या नावाने काढलेलं. इमारत जुन्या बंगल्याची, म्हणून आसपासची माणसं त्याला 'डोकरास्ना बंगला', म्हणजे म्हाताऱ्यांचा बंगला, म्हणत. बावीस म्हातारे-म्हाताऱ्या तिथे राहत. बरेचसे अंथरुणाला खिळलेले. व्यवस्थापक होते मगनभाऊ. गोल चेहऱ्याचे, हसरे, आणि पाहुणचारात कुणाला हार न जाणारे.

त्या काळी अशा प्रत्येक संस्थेत शेरेबुक असायचं. निरीक्षकाने संस्था पाहायची, शेरा त्यात लिहायचा आणि खालच्या कार्बनची प्रत ऑफिसला न्यायची. हा झाला नियम. पण बंगल्याचा रस्ता म्हणजे एप्रिलच्या उन्हात तीन मैल पायी, त्यात नदीची तापलेली वाळू, सावलीला झाड नाही. म्हणून माझ्या आधीच्या निरीक्षकांनी एक सोय काढली होती. आपण विसरवाडी स्टँडवरच्या हॉटेलात बसायचं. मगनभाऊ सायकलवर शेरेबुक घेऊन यायचे. मागून संस्थेतून जेवणाचा डबा यायचा. आणि शेरा? मागच्या वर्षीचा उतरवून काढायचा!

मीही तेच केलं. भजी खाल्ली, शेरेबुक उघडलं आणि वरचा शेरा पाहून खाली लिहिलं - 'संस्था पाहिली. स्वच्छता व सेवकवर्ग समाधानकारक. पावसामुळे अंगण ओले होते.' लिहून झाल्यावर लक्षात आलं की बाहेर एप्रिल महिना आहे. मगनभाऊंना दाखवलं तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. दर वर्षी ओलंच ऱ्हातं."

दोघंही पोट धरून हसलो. कार्बनप्रत मी घडी करून पिशवीत टाकली. शेरेबुक मगनभाऊंनी सायकलच्या कॅरिअरला बांधलं. मग डबा आला. कोंबडी, भाकरी, कांदा. डबा कुणी आणला ते मी पाहिलंही नाही. भरपूर जेवलो, हॉटेलच्या ओसरीवरच्या खाटेवर आडवा झालो, पिशवी उशाला घेतली. मगनभाऊ शेजारीच एका ट्रक ड्रायव्हरबरोबर पत्ते खेळत बसले. जाग आली तेव्हा चार वाजले होते. उजवा खांदा फार दुखत होता. अवघडला असेल म्हटलं, आणि धुळ्याची एस.टी. पकडली.

आठ दिवसांनी मोठ्या साहेबांनी बोलावलं. माझ्या रिपोर्टची प्रत त्यांच्यासमोर टेबलावर होती. मला एकदम ते ओलं अंगण आठवलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो साहेब. ते अंगणाचं जरा..."

"अंगणाचंच म्हणतोय मी," असं म्हणून साहेब वाचायला लागले. "'शेरेबुकातील मागील सहा शेरे अक्षरशः सारखे आहेत. सहाही वेळा अंगण पावसाने ओले होते. येथे पाऊस फक्त तपासणीच्या दिवशी पडतो असे दिसते.'" वाचून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, त्यातला एक शेरा माझा आहे! निरीक्षक होतो तेव्हाचा. पण कुणी पकडला नव्हता."

मी टेबलाजवळ सरकलो. कार्बनची निळी प्रत होती. साडेतीन पानं. अक्षर माझं. माझा 'श' तिरका पडतो, तसाच तिरका. खाली सही माझी. आणि मी तर तीन वाक्यं लिहिली होती!

साहेब मोठ्याने वाचत गेले आणि मी खुर्चीला धरून उभा राहिलो. त्यातलं काही अजून तोंडपाठ आहे.

'रजिस्टरात आया तीन आहेत. परंतु केरसुणी एक, कळशी एक, दोरीवर वाळत असलेले लुगडे एक. काम करणारी बाई एकच असावी.'

'पाण्याचा माठ तिसऱ्या खाटेवरून दिसतो. पडल्या पडल्या हात लांब केल्यास वीतभर कमी पडतो.'

'सातव्या खाटेवरील भिवराबाई यांना दिसत नाही. त्यांचे ताट भिंतीकडच्या बाजूला ठेवतात, ते त्यांना सापडेपर्यंत मांजर येते. संस्थेतील मांजराची प्रकृती उत्तम आहे.'

आणि शेवटी - 'दुपारी बारा ते चार या वेळेत संस्थेत बावीस वृद्ध होते. सेवक एकही नव्हता.'

साहेबांनी कागद ठेवला. "बावीस वर्षं नोकरी झाली माझी. असा रिपोर्ट पाहिला नाही. माणूस खाटेवर झोपून बघतो आणि मग लिहितो! शाबास."

त्या क्षणी सांगायला हवं होतं, की साहेब, मी झोपलो होतो हे खरं, पण वेगळ्या खाटेवर. नाही सांगितलं. शाबासकी फार गोड असते हो. शिवाय सांगणार तरी काय? कार्बन आपोआप वाढला म्हणून?

साहेबांनी लगेच हुकूम काढला आणि तो घेऊन मलाच पाठवलं. हुकुमात तीन गोष्टी होत्या. सांगितलेले दोष महिन्याभरात दूर करा. रजिस्टरातल्या दोन खोट्या नावांच्या जागी दोन खऱ्या आया नेमा. आणि बावीस माणसांना एकटं टाकून गेलेली सध्याची आया कामावरून कमी करा. आयेच्या बाजूने काही सांगण्यासारखं निघालंच, तर निरीक्षकाने हुकुमाखाली लिहून आणावं.

या वेळी मी विसरवाडीला उतरून थांबलो नाही. सरळ चालत सुटलो. वाळूतून चालताना स्वतःची समजूत घालत होतो, की मगनभाऊंनी माझं अक्षर गिरवलं असणार. पण का? स्वतःविरुद्ध कोण लिहील? आणि मगनभाऊंना लिहिता यायचं ते फक्त गुजराती. शिवाय प्रत तर माझ्याच उशाखाली होती.

मगनभाऊ दारातच भेटले. मी आधी शेरेबुक मागितलं. त्यांनी ते त्या दिवशी आणून कपाटात टाकलं होतं, उघडलंही नव्हतं. उघडायचं कशाला, आत काय आहे ते माहीतच होतं! पान उलटलं तर साडेतीन पानं मजकूर. मगनभाऊ मराठी अडखळत वाचायचे. मांजरापर्यंत पोचले आणि खाली बसले.

"साहेब... आपण तर तीनच ओळी लिहिल्या व्हत्या ना? मी समोर बसेल व्हतो."

"तीनच."

"मंग हे कोणी..."

पुढे त्यांनी आयुष्यभर यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर आपण दोघं त्या दिवशी कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं. पण त्या दिवसापासून हा माणूस साफ बदलला, हेही खरं.

मी आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या दालनात पाऊल टाकत होतो. आणि तिसऱ्या खाटेवरून एक म्हातारा ओरडला - "उना रे उना! मन्हा भाऊ उना!" आला रे आला, माझा भाऊ आला, म्हणत होता.

हे तानकाबाबा. जन्मभर बैलगाडी हाकलेले, आता कमरेपासून खाली अंग गेलेलं. मी जवळ गेलो.

"काय रे भाऊ, आज मन्ही खाटवर झोपस नही का? त्या दिनले तर लगेच आडा पडना. माले म्हने, सरक बाबा तिकडे."

"बाबा, तो... तो मीच होतो का?"

"मंग काय मन्हा सासरा व्हता?"

सगळं दालन हसलं. पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "त्या दिनले कसा गोड बोले. आज तोंड उतारीसन उना. बायकोशी भांडीसन उना व्हई!"

माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

सातव्या खाटेवर भिवराबाई बसल्या होत्या. डोळे पांढरे झालेले. त्यांनी माझा हात हातात घेतला, हुंगल्यासारखं केलं आणि जरा विचारात पडल्या. "त्या दिनले तुन्हा आंगले उन्हना वास येत व्हता. आज साबनना ई ऱ्हायना." मग हात थोपटून म्हणाल्या, "व्हई, व्हई. आज आंघोय करीसन उना व्हशी."

एकानेही 'तुम्ही आला नव्हता' असं म्हटलं नाही. एकोणीस जणांना मी एकेकटं गाठून विचारलं, उरलेल्या तिघांना बोलता येत नव्हतं. सगळ्यांचं उत्तर तेच. दुपारी आला, प्रत्येकाच्या खाटेवर बसला, चार वाजायच्या सुमारास गेला. कपडे? हेच. टोपी? हीच. मग मी तानकाबाबांना म्हटलं, सरका जरा. खाटेवर आडवा झालो आणि माठाकडे उजवा हात लांब केला.

वीतभर कमी पडला.

आता तिसरं कलम. मी आयेला बोलावलं. सुकीबाई तिचं नाव. नवापूरकडच्या डोंगरातली कोकणी आदिवासी बाई, विधवा, तिशीची. घरी कोकणी बोलायची, आमच्याशी अहिराणी. बावीस जणांचा स्वयंपाक, धुणं, अंग पुसणं, सगळं ती एकटी करत होती. हे काम गेलं तर तिला गुजरातेत ऊसतोडीला जाण्यावाचून दुसरं काही नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. हुकूम आलाय ही बातमी तिच्या कानावर गेली होती. पदर खोचून ती समोर उभी राहिली.

"त्या दिवशी दुपारी बारा ते चार तू कुठे होतीस?"

ती चक्क हसली. "साहेब, तुमले माहीत नही?"

"नाही."

"तुमना डबा कोन लयनं व्हतं?"

मी हुकुमाचा कागद खाली ठेवला.

"कोंबडी मीच रांधी, मीच डोकावर लयनी. मंग समोरना लिंबखाले बठेल व्हती. भांडा परत लेवाना व्हतात ना. तुम्ही जेवनात नि झोपनात. पिशवी उशाले, तांब्या खाटखाले. चार वाजालगून उठातच नहीत."

"मग मला उठवायचं होतंस!"

"साहेबले उठाडतस का कोनी?" तिला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. मग काहीतरी आठवून म्हणाली, "झोपमा तुम्ही हात लांबे करेत. असा. बठ्ठा हात खाटना बाहेर. दोन-तीन डाव. माले वाटनं तहान लागनी. मी पानीना गिलास हातमा दिना. तुम्ही पिनात नि परत झोपनात. डोया मिटेलच."

हा खुलासा मी एका आयेच्या तोंडून, भर दुपारी, लख्ख उजेडात ऐकला, आणि माझ्या अंगावर काटा आला. तानकाबाबांच्या खाटेवर पडून कुणीतरी माठाकडे हात लांब करत होतं, त्याच दुपारी तीन मैलांवर माझा हात झोपेत लांब होत होता. तिथे तो वीतभर कमी पडला. इथे सुकीबाईने गिलास दिला.

मला पाणी प्यायल्याचं आठवत नाही. खांदा दुखत होता तेवढं आठवतं.

"काढतस का माले?" तिने विचारलं. आवाजात रडणं नव्हतं. फक्त विचारलं.

मी हुकुमाचा कागद पुढे घेतला. लिहायला हवं होतं ते सरळ होतं, की आया गैरहजर होती कारण निरीक्षकाचं जेवण घेऊन गेली आणि निरीक्षक उठेपर्यंत खरकटी भांडी राखत बसली. ते लिहिलं असतं तर सुकीबाई निर्दोष, मी घरी. आणि साडेतीन पानांचा रिपोर्ट खोटा ठरून दोन नव्या आयाही गेल्या असत्या... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज ते कारण मला तितकंसं पटत नाही. मला नोकरी हवी होती, इतकंच.

मी लिहिलं - 'सदर आया त्या दिवशी संस्थेच्या कामासाठी विसरवाडीस गेली होती. कामावर ठेवण्यास हरकत नाही.'

सुकीबाईने मगनभाऊंना वाचून दाखवायला लावलं. ऐकून तोंडाला पदर लावला. "संस्थानं काम? कोनतं काम, साहेब?" आणि ती खुदुखुदु हसत चुलीकडे गेली.

तिचं काम राहिलं. पण परवानगीशिवाय जागा सोडल्याबद्दल ऑफिसने तिच्या नावावर लेखी ताकीद चढवली. मी ती थांबवू शकलो असतो. एक ओळ पुरली असती.

बाकी सगळं छान झालं, अगदी गोष्टीत होतं तसं. महिन्यात दोन खऱ्या आया आल्या. माठ हलला. भिवराबाईंचं ताट उजव्या हाताशी आलं आणि मांजर रोडावलं, तशी मगनभाऊंनी त्याची सोय स्वतःच्या स्वयंपाकघरात केली. मला बढती मिळाली. नव्या निरीक्षकांना शिकवताना माझा रिपोर्ट नमुना म्हणून वाचून दाखवत. दोनदा तर त्यावर मी भाषणही ठोकलं! लाज वाटायची, पण टाळ्या पडायच्या. एक मात्र केलं. त्यानंतर एकही शेरा रस्त्यावर बसून लिहिला नाही. जिथे जाई तिथे आधी एका खाटेवर आडवा होई आणि हात लांब करून पाही. लोक मला 'खाटवाले साहेब' म्हणत. सारंगखेड्याच्या यात्रेत एकाने मला बघून लगेच बाज आणून टाकली होती.

सुकीबाईला पुढे एकदाच भेटलो, पासष्टच्या आसपास. ती काम सोडून भावाकडे निघाली होती. तिचा नोकरीचा कागद मगनभाऊंनी मला दाखवला. इतक्या वर्षांत दुसरा एकही डाग नाही, फक्त ती ताकीद. मी म्हटलं, सुकीबाई, ते खोडायला हवं होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना साहेब. माले कोठे वाचता येस?" आणि जाता जाता वळून, तेच हसू - "कोनतं काम व्हतं ते, आते तरी सांगा!"

मी हसलो. तेव्हाही सांगितलं नाही.

तो कोण होता याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. एकोणीस म्हाताऱ्यांना एकाच वेळी एकच भास कसा होईल? कपाटातल्या आणि उशाखालच्या कागदावर एकच मजकूर कसा उमटेल? शिकलेल्या माणसांना विचारून पाहिलं, नावं बदलून. कुणाला सांगता आलं नाही. पण मला जास्त छळतं ते वेगळंच. ज्याने दोरीवरच्या लुगड्यावरून आया मोजल्या, त्याला ते लुगडं नेसणारी कुठे आहे हे माहीत नसेल? तो मीच असेल तर ती माझ्यासमोरच बसली होती. सगळं लिहिलं आणि तेवढंच का सोडलं? मला वाटतं, तेवढं माझ्यावर सोडलं असावं. मी साठाहून अधिक वर्षं लावली.

तर आता लिहितो. शेरेबुक कुठे गेलं देव जाणे, बंगला पडला, सुकीबाई असण्याची शक्यता नाही. तुमच्या सदराचं पान आहे, तेच शेरेबुक समजा.

आया सुकीबाई त्या दिवशी दुपारी बारा ते चार विसरवाडी स्टँडवर निरीक्षकाची उष्टी भांडी परत नेण्यासाठी लिंबाखाली थांबली होती. तिची चूक नव्हती. ताकीद रद्द समजावी. निरीक्षक झोपला होता.